तिसऱ्या रिंगच्या आत

माझ्या टेबलावर माणसं चौकोनांत राहतात.
सकाळ, दुपार, रात्र. तीन रंगांची स्केचपेनं.
यमुना हेडाऊ बुधवारी नाइट करणार नाही, घरी लग्न आहे.
डॉक्टर नागदेवे चारला येतील, म्हणजे साडेपाचला.
गुरुवारच्या रात्रीचा एक चौकोन
तीन आठवडे पांढराच.

लोकांना वाटतं, मी ऐकते.
मी ऐकणाऱ्यांना खुर्च्या पुरवते,
त्यांच्या पाठीला उशी, चहाला दूध,
आणि कुणी ऐकून ऐकून काठोकाठ भरलं
की त्याला मागच्या जिन्यावर नेऊन बसवते
अर्धा तास, घड्याळ न दाखवता.

इथल्या दारांना आतून कडी नाही. मीच काढायला लावली.
पडदे चुंबकावर. पेले कागदाचे.
ठेकेदार म्हणाला, मॅडम, हे असं काऊन?
म्हटलं, लिहिलंय तसं करा.
कोटेशनच्या कागदावर
कारणाला जागा नसते.

मे महिना, पारा सत्तेचाळीस.
मेडिकल चौकातलं डांबर रात्रीही चपलेला धरत होतं.
पांढऱ्या चौकोनात मीच बसले.
सोनकुसरे गेटवर, यमुना आत सहा नंबरच्या खाटेशी.
तिथली मुलगी दोन दिवसांनी पहिल्यांदा
वरणभात मागत होती. यमुनाला कशी उठवू?

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन.
नियम माझाच : तिसऱ्या रिंगच्या आत.
काय बोलायचं ती वाक्यं समोर भिंतीवर,
मीच लॅमिनेट केलेली,
आणि चष्मा कपाटात.

"तुम्ही डाक्टर का?"
नाही.
"मंग कोण?"
मी ड्युट्या लावते.
तो हसला की काय, कळलं नाही.
मग बराच वेळ नुसता श्वास,
आणि माझ्या पाठीमागे कूलरची घरघर.
विचारायचं ते विचारलं, सरळ, शब्द न चोरता.
तो हो म्हणाला.
पुढचं वाक्य भिंतीवर होतं.
मला दिसत नव्हतं.

"तुमचा पंप कोरडा चालून राहिला."
काय?
"कूलर जी. आवाज येऊन राहिला ना. टाकीत पानी नाही.
जळते तो. बंद करा आधी."
अठरा वर्षं हेच करतो, म्हणाला. इतवारीत दुकान होतं.
होतं, असं पुन्हा म्हणाला, आणि थांबला.
मी म्हटलं, पाणी टाकायला उठावं लागेल, पण तुम्ही —
"टाका ना. मी आहो लायनीवर."

बादली नळाखाली धरली.
अकरा वर्षांत हा नळ
इतका बारीक कधी वाहिला नव्हता.
मग त्याने मला ताट्या काढायला लावल्या,
नळीची बुजलेली भोकं पदराच्या पिनेने टोकरायला.
मी मोठ्याने सांगत राहिले : उजवीकडून उतरतंय,
डावीकडून नाही, थांबा, आलं.
मधेमधे तो बाकीचं सांगत गेला.
बाकीचं इथे लिहिणार नाही.

पावणेचारला पत्ता दिला. भावाचा नंबरही.
दुसऱ्या फोनवरून मी गाडी सोडली
आणि ती पोचेस्तोवर आम्ही
खसच्या भावावर भांडलो.

रजिस्टरचे रकाने मीच आखलेत :
वेळ, वय, जोखीम, कार्यवाही.
कार्यवाहीत लिहिलं, गाडी पाठवली.
त्याखाली, बारीक अक्षरात, कूलर दुरुस्त.
ऑडिटवाले विचारतील. विचारू देत.

आठ वाजता नऊ नंबरची खाट भरली.
मी आत गेले नाही, ते माझं काम नव्हे.
सोनकुसरे पाइप ओढत आला, टाकीत डोकावला :
"हे कोनं भरली जी?"

मी पुढच्या आठवड्याचा कागद पुढे ओढला.
हिरवं स्केचपेन सुकलं होतं.
गुरुवार सोडून बाकीचे चौकोन
निळ्यानेच भरायला घेतले.