शेरा

मला फक्त यादी करायची होती.
नग, वजन, अंदाजे किंमत, शेरा.
गंगापूर रस्ता सोडला की द्राक्षबागांमागून
गंगेचा आवाज आधी येतो, नदी नंतर.
तिथं काळ्या कातळाला पाठ लावून
घाणेरीत बुडालेलं दगडी वीजघर,
छपरातून वर आलेला एक पिंपळ
आणि कुलूप, ज्याची किल्ली कचेरीतही नव्हती.

टर्बाइन, नग एक. ओतीव लोखंड, गंजलेलं.
तोंडाशी नदीनं आणून ठेवलेल्या बाभळीच्या शेंगा,
नारळाची शेंडी, डाव्या पायाची चप्पल.
(चप्पल यादीत घेतली नाही.)
स्विचबोर्ड, पाटीचा दगड, मधोमध तडा.
तांब्याच्या पट्ट्या, नग तीन.
अंगठ्यानं पुसल्या तर हातोडीचे ठोके दिसतात,
शेजारी शेजारी, माशाच्या खवल्यांसारखे.
विलायतेचा माल बोटीत अडकला तेव्हा
तांबट आळीतल्या रघुनाथशेट वडनेऱ्यांनी
बंबाचं तांबं ठोकून दिलं होतं.
बिल अजून खिळ्याला आहे:
‘घंगाळ नव्हे, सरळ पट्टी. मजुरी दीडपट,
हाताला सरळ ठोकायची सवय नाही.’

मग कपाटातलं लॉगबुक. रद्दी, पाऊण किलो.
लहानू बेंडकोळी, गेटवाला.
पहिली पानं नुसत्या रेघांची,
पाणी जितके इंच तितक्या रेघा.
पुढं आकडे. त्यापुढं कधीतरी अक्षरं,
उकिडवी बसल्यासारखी.
‘नदी बारीक. दिवे बारीक.
साहेब यंत्राला बोलतात. नदीला कोण बोलणार.’
आषाढातलं एक पान:
‘जाळीत वाम अडकली, हातभर. सोडवली.
चाक सात मिनटं बंद. कारण काय लिहू?’
आणि कारणाच्या रकान्यात
दुसऱ्या शाईनं, साहेबाच्या तिरप्या अक्षरात:
‘कचरा.’

सिंहस्थाचं वर्ष. पर्वणीची आदली रात्र.
कुंडात पाणी कमी, कचेरीचा निरोप,
पहाटेच्या आत अडवलेलं सगळं सोडा.
होरमसजी दुबाशांचं उत्तर डिंकानं चिकटवलेलं:
‘सोडलं तर शहर काळोखात.’
त्याखाली कुणाचा तरी शेरा, सही नाही:
‘माणसं अंधारातच नाहतात.’

रात्री अडीचला लहानूनं गेट उचललं.
चक्राचे एकेक करून एकोणचाळीस फेरे.
चाक थांबलं त्याचा आवाज त्यानं लिहिलाय,
‘दळण संपवून बाई जात्यावरून उठावी तसा.’
मेन रोडचे दिवे गेले, इस्पितळाचे सहा गेले,
एका सुइणीनं म्हणे सरकारच्या सात पिढ्या उद्धरल्या
आणि चिमणीच्या उजेडात पोर हाती घेतलं.
लहानू अंघोळीला गेला नाही.
‘माझं पाणी खाली गेलं. मी वरच.’
एवढंच. पुढची ओळ तेलाच्या डागाखाली.

बंद पडल्याचं पान शोधायला वेळ लागला.
मला वाटलं होतं, काहीतरी लिहिलं असेल.
‘आजपासून वीज दुसरीकडून. पाणी बत्तीस इंच.’
दुसऱ्या दिवशी पाणी तेहतीस. मग एकतीस.
पगार नाही, चाक नाही, साहेब मुंबईला,
आणि हा पठ्ठ्या रोज सकाळी
पायऱ्या उतरून पाणी बघतोय,
अकरा वर्षं, वही भरेपर्यंत.
शेवटी शेवटी पुन्हा नुसत्या रेघा.
डोळे गेले असतील, किंवा शाई महाग झाली असेल.

पाच वाजत आले. ड्रायव्हर हॉर्न देत होता.
मी पायऱ्या उतरलो, बूट हातात घेऊन.
भिंतीवरची मोजपट्टी शेवाळात गेलेली,
नखानं खरवडून आकडा काढला.
माझ्या फॉर्मवर पाण्याला रकाना नव्हता,
म्हणून लॉगबुकसमोर, वजनाच्या जागी लिहिलं:
एकोणीस इंच.

भंगारवाला उद्या विचारेल.
कचरा, म्हणेन.