अडीच किलो

वहीच्या डाव्या पानावर गावं, उजव्यावर वजनं.
भिंड: काही नाही.
गुना: लॉजवर पुश-अप, दोन पलंगांच्या मधल्या फटीत,
वर पंखा कुरकुरतोय, बावीस.
दतिया: तीन मजले, सहा वेळा, पाठीवर टूलकिट.
टूलकिट सोळा किलो आठशे ग्रॅम,
नई सडकवरच्या किराणावाल्याच्या काट्यावर मोजून घेतलंय.

मी डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करते.
महिन्यातले सतरा-अठरा दिवस ग्वाल्हेरबाहेर.
उरलेल्या दिवसांत पहाटे साडेपाचला
कंपूतल्या एका तळघरात,
जिथे बारला गंज आहे
आणि परिहार सरांना प्रत्येक गोष्टीवर मत.

फेब्रुवारीपासून पंचाहत्तरवर अडकलेय.
साडेसत्त्याहत्तर जमिनीवरून सुटत नाही.
म्हणजे सुटतं,
गुडघ्यापाशी येऊन विचारात पडतं,
मग मी ते खाली ठेवते, आवाज न करता,
जणू उचललंच नव्हतं.

सर म्हणतात, "मॅडम, लोहा हाजिरी माँगता है."
माझी हजेरी अर्ध्या चंबळभर सांडलेली.
आई म्हणते, एवढं उचलून करायचंय काय?
सिलिंडर द्यायला माणूस येतो की.

गुरुवारी शिवपुरी.
चार नंबरचं यंत्र उगाच ओरडत होतं.
काम चाळीस मिनिटांचं,
मग ते तापणार, स्वतःला धुणार, आपण थांबायचं.
मागच्या खोलीत द्रावणाचे कॅन रचलेले, दहा-दहा लिटरचे.
मीठ विरघळलं की पाणी जड होतं,
हे शाळेत पाठ केलं होतं, हातांना आत्ता कळलं.
दोन्ही हातांत एकेक, खांदे मागे,
दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत.
वॉर्डबॉय ओशाळून धावला, द्या ताई, मी ठेवतो.
म्हटलं, ठेवायचे नाहीयेत.

दोन नंबरच्या पलंगावर शकुनबाई धाकड.
चार तास नुसतं पडून, हाताला नळ्या.
ती माझ्या फेऱ्या मोजत होती.
मी अकरा म्हणायच्या आत तिचे बारा,
लबाडी सगळी माझ्या बाजूने.
"हे कशाला?" तिने विचारलं.
म्हटलं, तीन महिने झाले, अडीच किलो वाढत नाहीत.

ती हसली. नळ्या हलल्या. सिस्टर ओरडली.
तिच्या बोलीत ती जे म्हणाली ते माझ्या भाषेत लिहिते:
"माझ्याकडून घेऊन जा बाई.
सोमवार ते गुरुवार अडीच चढतात मला.
नुसतं पाणी.
मे महिन्यात दिवसाला तीन पेले, तेही मोजून.
चौथा प्यायले की तीन किलो."

सुटल्यावर काट्यावर उभी राहिली, माझं मनगट धरून.
आली तेव्हा साडेबावन्न होती.
आता पन्नास.
आकडा स्थिर होईपर्यंत दोघी बघत होतो.
तिचा हात हलका नव्हता.

रात्रीची बस, मोहनापर्यंत खड्डे.
किल्ल्याचे दिवे दिसले तेव्हा पावणेबारा.

पहाटे सगळ्या चकत्या लावल्या.
उचललं असं लिहायला मला आवडलं असतं.
गुडघ्यापाशी आलं. थांबलं.
मीही थांबले, पूर्वीपेक्षा जरा जास्त,
एक, दोन, तीन,
आणि कुणीतरी चार म्हणेल असं वाटलं.
ठेवलं. या वेळी आवाज झाला.

परिहार सर काही बोलले नाहीत, म्हणजे नवलच.
सव्वा-सव्वाच्या दोन चकत्या काढल्या,
फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकल्या.
"इनको घुमा लाओ," म्हणाले.

वहीत लिहिलं:
शिवपुरी: कॅन दोन, फेऱ्या बारा,
शकुनबाईंच्या हिशेबाने.

किराणावाल्याने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
एकोणीस किलो तीनशे.
"वाढलंय," तो म्हणाला.
हो, म्हटलं.
उद्या मुरैना.