पश्चिमेची भिंत

नकाशात पश्चिमेला अख्खी काचेची खिडकी होती.
इंजिनियर म्हणाला, मॅडम, एलिव्हेशन उठून दिसेल.
म्हटलं, मे महिन्यात दुपारी चारला
या प्लॉटवर उभे राहा, मग बोलू.
तो आला नाही.
भुसावळात चारला कोण उभं राहतं?

मी राहिले.
डोक्यावर ओला पंचा, हातात वॉर्डातला थर्मामीटर.
तो बेचाळीसलाच संपतो
हे एवढी वर्षं नर्स असून विसरले होते.
जमिनीचा ताप त्याच्या पट्टीबाहेर होता.

खिडकी खोडली.
तिथं भिंत घेतली, दुहेरी,
मध्ये चार बोटं नुसती हवा.
विटा राखेच्या, दीपनगरकडच्या.
नवरा तिथंच बॉयलरवर;
सव्वीस वर्षं कोळसा जाळून
लोकांचे पंखे फिरवतो.
ट्रकातली पहिली वीट त्यानं हातात तोलली,
म्हणाला, ही माझ्या ओळखीची आहे.

सुपडू मिस्तरी थापी थांबवून म्हणे,
"आमच्या धाब्याच्या घरावर पांढरी माती होती, बाई.
स्लॅब आला न् फेकली सगळ्याईनं.
आता तुमी पैसे दिऊन थंडावा आणू राह्यल्या."
मी काय बोलणार?
स्लॅबवर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या,
दुकानामागच्या ढिगातून वेचलेल्या.
शेजारचे बेंडाळे गच्चीवरून ओरडले,
बाथरूम वर बांधलं का हो?

एसी घेतलाच. लपवत नाही.
धाकटीची बारावी होती,
आणि सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस.
पण तो एकाच खोलीत, पडदा ओढून, दोन तास.
बाहेरचा डबा गल्लीत गरम श्वास सोडतो
तेव्हा मला पलीकडच्या पत्र्याखालचं बाळ आठवतं.
आठवून काही होत नाही, तेही माहीत आहे.

रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीवर
पालथा हात ठेवते, कपाळावर ठेवावा तसा.
कणकण आहे. ताप नाही.

बिल आलं तेव्हा नवरा रात्रपाळीहून आला होता,
भुवयांत राख.
आकडा दोनदा वाचला,
चहा बशीत ओतला आणि म्हणाला,
तेवढा कोळसा तरी आज मला ढकलावा लागला नाही.
मग झोपला, पंख्याखाली, भरदिवसा.

काल बेंडाळे आले. कुंपणाशी घुटमळले.
वरचा मजला चढवायचाय म्हणे,
ती हवा किती बोटं सोडली होती तुम्ही?
त्यांची बोटं जाड आहेत.
मी इंचात सांगितलं.