खाली काय चाललंय

डुलूथच्या चढावर, सरोवराकडे तोंड केलेलं माझं घर,
आणि घराखाली एकवीस वर्षं
कपडे धुवायचं दुकान.
रात्री साडेदहापर्यंत ड्रायर फिरायचे,
त्या घरघरीवर माझा डोळा लागायचा.
कुणाच्या तरी पायजम्याचं बटण
पत्र्यावर टिकटिक आपटत राहायचं,
तेच माझं घड्याळ.

मग मालक वारला. यंत्रं गप्प झाली.
मी जागी.

फेब्रुवारीत काचेवर पिवळा कागद लागला:
येथे उपाहारगृह व बार. हरकती असल्यास कळवा.
हरकतींना काय तोटा!
गोंद वाळायच्या आत
कोपऱ्यावरचा वर्न माकी सह्यांची वही घेऊन दारात.
"पार्किंग," तो म्हणाला,
पटकीची साथ आल्यासारखं तोंड करून.
त्याची स्वतःची गाडी दोन वर्षं विटांवर उभी आहे.
केली सही.
दुसऱ्या दिवशी संगीत शिकवणारी इन्ग्रिड आली,
बार हवाच म्हणणारी दुसरी वही घेऊन.
तिच्यावरही केली.
उणे वीसमध्ये दारात उभ्या माणसाला
नाही म्हणणं मला जमत नाही.

सुनावणीला अख्खी गल्ली लोटली.
कुणाला तळणाचा वास नको, कुणाला गिटार,
टॉलेफ्सनला तर म्हणे दिव्यांचाच त्रास,
दिवे अजून लागायचे होते.
मग आउने लाह्ती उठली, चौऱ्याऐंशीची, काठी टेकत.
हॉल चिडीचूप.
तिचा नवरा कशाने गेला ते सगळ्यांना ठाऊक.
ती म्हणाली, "आता चादरी कुठे धुवायच्या?"
नगरपालिकेच्या माणसाने लिहून घेतलं,
मग चष्मा काढून पुसला.
नवी मालकीण, लॉर्ना ब्यूलियू, शेवटच्या रांगेत
मांडीवरच्या लिफाफ्यावर काहीतरी खरडत होती.

उद्घाटन नोव्हेंबरात. त्याच दुपारी वादळ आलं.
संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या बर्फाखाली, नुसती टेंगळं;
पार्किंगचा प्रश्न वरूनच मिटला.
माणसं चालत आली, कानटोप्या झाडत, एकमेकांना धरून.
वर्न फावडं घेऊन आला. "दार मोकळं करायला," म्हणाला.
आत कसा गेला ते त्यालाच माहीत.
चौदा डॉलरला रानतांदळाचं सूप!
मीठ जास्त झालंय, असं तीनदा सांगून
त्याने दुसरा वाडगा मागवला.

छताला जुन्या ड्रायरची पिंपं टांगलीत, आत दिवे.
भोकाभोकांतून उजेड पडतो
आणि सगळी गिऱ्हाइकं गोवर आल्यासारखी दिसतात,
वर्न, टपालवाला, दोन परिचारिका,
जहाजावरून उतरलेला, कुणालाच न कळणारं बोलणारा एक.

मुदपाकखान्यामागे, मोरीशेजारी,
एक धुलाईयंत्र ठेवलंय लॉर्नाने.
सहा दिवस त्यात बारचे पंचे.
वर चिकटपट्टीवर लिहिलंय: मंगळवार, आउने.
ती येते, चादरी टाकते, कॉफी घेते,
बाटल्यांकडे पाठ करून बसते.
लॉर्नाशीही फारसं बोलत नाही.

सगळं गोडीगुलाबीत आहे असं नाही.
टॉलेफ्सन दर शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी
पोलिसांना फोन करतो; त्यांना आता त्याचा आवाज कळतो.
आणि इन्ग्रिड, जिने घरोघर वही फिरवली,
ती पाऊलही टाकत नाही:
तिच्या घटस्फोटित नवऱ्याने
दाराजवळचं उंच स्टूल कायमचं धरलंय.

मी मंगळवारी झोपते. यंत्र पिळायला लागलं
की पलंगाचा पाय किंचित थरथरतो.
बाकीच्या रात्री पडून ऐकत असते.
तीनला बर्फाच्या यंत्रातून खडे कोसळतात.
त्याआधी, बंद व्हायच्या सुमारास,
कुणीतरी काहीतरी सांगतं
आणि सगळे एकदम खो खो हसतात.
शब्द जमिनीत अडकतात, हसू तेवढं वर येतं.

गेल्या गुरुवारी राहवलं नाही.
झोपायच्या झग्यावर कोट चढवला, बूट पायात सरकवले,
खाली जाऊन विचारलं, काय विनोद होता?
वर्नने पुन्हा सांगितला, हातवारे करून, पहिल्यापासून.

मुळीच बरा नव्हता.