पाव फेरा

शुक्रवारी दुपारी, गुदैबियातल्या गल्लीत
मशिदीतून माणसं परतली की
रोनेल जिना चढून येतो. पाठीवर काळी पिशवी,
पिशवीत चार तारांचं दुखणं.

मी एसीवाला. आठवडाभर गॅस, कॉम्प्रेसर,
गच्चीवरचा तापलेला पत्रा.
पण मी मिरजेचा, हे त्याला कुणीतरी सांगितलं,
आणि मिरज म्हणजे काय तेही सांगितलं, चुकीचं:
"तिथं गिटारी बनतात."
मी नाही म्हणालो नाही.
चाचा तंबोरे करायचे. भोपळा, दांडी, घोडी.
माझ्या हाती फक्त कानस आली, तीही दीड वर्ष.

पलंगावर चादर, चादरीवर बास.
पहिल्या पडद्यावर तार दाबली, शेवटच्या पडद्यावर दाबली,
आणि मधे, सातव्यापाशी, फटीतून
माझं कंपनीचं ओळखपत्र आरपार गेलं.
एवढी जाड वस्तू जायला नको होती.
साधं व्हिजिटिंग कार्ड घासत जावं, इतपतच जागा हवी.

मान वाकलीय.
"स्टेजवर अठरा अंश," मी म्हणतो, "बाहेर ऑगस्ट,
शर्ट पिळला तर तांब्याभर निघेल.
आणि ही रात्रभर गाडीच्या डिकीत?"
रोनेल नखं बघत बसतो.
माणूस विचारलं की सांगतो, सवय झाली.
लाकूड सांगत नाही. वाकतं.

मानेच्या पोटातून लोखंडी सळई जाते.
तिच्या टोकाला किल्ली लावली.
पाव फेरा.
"अजून," तो म्हणतो, "नऊला शो आहे."
मी किल्ली खिशात टाकतो आणि चहा ठेवतो.
चाचा एका घोडीला आठवडा घ्यायचे,
गिऱ्हाईक ओट्यावर बसून बंडलभर विड्या संपवायचं.
तेव्हा मला वाटायचं, म्हातारा कामचुकार आहे.

तोवर बाकीचं.
जॅकचा नट ढिला, म्हणून खरखर; तो आवळला.
नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावून पाहिली: मेलेली.
तारांवर घामाचं मीठ, आणि वर समुद्राचंही.
फडक्यानं एकेक पुसली, फडकं गंजाळलं.
मग बाराव्या पडद्यावरचा सूर आणि त्याच जागी
बोट नुसतं टेकवून निघालेला सूर,
दोन्ही एक होईपर्यंत
स्क्रूड्रायव्हरनं घोडी केसभर मागे, केसभर मागे.

मग मला काय सुचलं कोण जाणे.
गणवेशाचा सुती दोरा उसवून
खर्जाच्या तारेखाली सरकवला.
जवारी येईल म्हणून.
घोडी अरुंद, धातूची. यायची नव्हतीच, आली नाही.
तार नुसती गुदमरली: थप्प.

रोनेल हसायचा थांबला.
"पुन्हा वाजव."
थप्प. थप्प.
"माझ्या बापाकडच्या तबकड्यांवर
बास असाच वाजायचा."
मी हत्यारांच्या पेटीतून पाइपावर गुंडाळायचा
काळा फोम काढला, बोटभर पट्टी कापली,
घोडीजवळ चारी तारांखाली दाबून बसवली.
आवाज गोल झाला, ओल्या मातीवर नारळ पडावा तसा.
दोन दिनार ठेवून तो गेला. एक मी परत खिशात कोंबला.

रात्री साडेदहाला फोन: त्याच हॉटेलचा चिलर बंद.
सातव्या मजल्याची गच्ची, तोंडात टॉर्च,
रीसेट केल्यावर चिलर एकच सूर धरून घुमू लागला.
डक्टमधून गाणं वर येत नाही.
गाणारीचा गळा, टाळ्या, ग्लास, सगळं खालीच राहतं.
फक्त खर्ज चढतो.
थप्प, थप्प, पत्र्यातून माझ्या गुडघ्यापर्यंत.

मी हात पुसत ऐकत राहिलो, चिलरच्या सुराशी लावून.
चौथी तार किंचित चढलीय.
मान अजून सरळ होतेय.