मागची बाजू

रायेन चिग्वाय सांतियागोहून शिकून आली
तेव्हा तिच्या खांद्यावर नकाशांचं लांब नळकांडं होतं
आणि पायात शहरी बूट.
बुटांनी पहिल्याच हिवाळ्यात जीव सोडला.
नळकांडं अजून आहे, माझ्याच कारखान्यात,
त्यात मी पट्ट्या ठेवतो.

मी सुतार.
या चिलोए बेटावर आधी होड्या बांधल्या,
मग होड्या प्लास्टिकच्या झाल्या,
मग दारं, शवपेट्या, येईल ते.
मला ओळंबा कळतो, गुण्या कळतो.
नकाशा हातात आला की मी आधी
कोपऱ्यातली सही बघतो.
माणूस घाईत होता का, ते तिथं दिसतं.

तिची सही सावकाश होती.

पहिलं काम कुठलं, विचाराल तर हसाल:
एदुविखेसबाईंच्या कोंबड्यांचं खुराडं.
त्याला पूर्वेकडे खिडकी.
कोंबड्यांना खिडकी! गाव आठवडाभर हसलं.
अंडी काही वाढली नाहीत.
पण म्हातारी आता सकाळचा माते
तिथंच पिते, कोंबड्यांत,
ऊन कुठवर आलं ते बघत.

मग राजधानीतल्या ग्रंथालयाची स्पर्धा.
शेवटच्या पाचांत नाव आलं, त्यापुढे नाही.
पुठ्ठ्याचा नमुना तिनं रात्रभर
बसमध्ये मांडीवर धरून परत आणला.
त्याच्या वाचनकक्षात यंदा मांजर व्याली.

आणि हे तिचं वेड, ज्याचे पैसे कोणी देत नाही:
पाऊस लागला की ही रेकॉर्डर घेऊन निघते
छपरांचे आवाज गोळा करायला.
पत्रा, लाकडी कौलं, चर्चचा पोटमाळा,
मग घरी येऊन त्या आवाजांची चित्रं काढते, कोळशानं.
एकदा माझ्या कानांना यंत्र लावून म्हणाली, ओळखा.
मी रंधा खाली ठेवला.
आलेर्सेच्या जुन्या फळ्या, एक सैल,
ती सैल फळी मीच बसवली होती, नवव्या वर्षी,
बापाच्या होडीघरावर, आणि मार खाल्ला होता.
तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, नाही ओळखलं.

मग नगरपालिकेचं काम मिळालं: बसथांबा.
सुरूचं लाकूड, एकही खिळा दिसायचा नाही,
सांधे असे की बोटाला लागू नयेत.
रस्त्याकडे तोंड. फीत कापली, भाषण झालं.
तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला.
आमच्याकडे पाऊस वरून येत नाही, आडवा येतो,
आणि रस्ता उत्तरेला.
माणसं थांब्याच्या मागे जाऊन उभी राहिली,
भिंतीला पाठ लावून,
जशी गायीआड वासरं.

मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल.
ती आली आणि त्यांच्यात उभी राहिली.
तीन बसेस गेल्या. भिजली थोडी.
डॉन रोसामेलनं मागे बटाट्याचं खोकं पालथं घातलं होतं,
गुडघ्यांपायी.
तिनं खिशातून टेप काढली
आणि खोक्याची उंची मोजली.

रात्री नवा कागद घेऊन दारात.
मागे बाक, खोक्याइतकाच उंच.
वर हातभर वळचण.
आणि भिंतीत दोन आडव्या फटी,
एक म्हाताऱ्याच्या डोळ्याला, एक शाळकरी पोरीच्या,
बस येताना दिसावी म्हणून.
मी नेहमीसारखा कोपरा पाहिला.
सहीच्या वर, जिथं "मागची बाजू" लिहितात,
तिथं तिनं लिहिलं होतं: दर्शनी बाजू.

फटी मी पटाशीनं काढल्या, करवतीनं नाही.
का, ते विचारू नका.

उन्हाळ्यात एका मासिकाचा माणूस आला,
भला मोठा कॅमेरा घेऊन.
त्यानं समोरून फोटो काढले.
मोकळा थांबा, सुंदर उजेड, एक माणूस नाही.
रायेननं त्याला हटकलं नाही.
ती बाकावर होती, माझ्या आणि रोसामेलच्या मध्ये,
फटीला डोळा लावून,
बस दिसते का बघत.