बारातली एक

बाहेरून सव्वीस तुकडे, आत सहा हातांचा एक कणा,
सहा स्क्रू, सहा स्प्रिंगा,
अप्पा बळवंत चौकातून डझनाच्या भावात आणलेल्या
बॉलपेनांतून काढलेल्या.
रिफिली अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

फॉर्मवर लिहिलं होतं,
'कोडे-घनाची रचना, निर्मिती व चाचणी'.
विभागप्रमुख म्हणाले, खेळणं?
इर्शाद म्हणाला, सर, घर्षण आहे.
सरांनी सही केली.

पहिला घन फिरलाच नाही.
फट आम्ही शून्य ठेवली होती,
शून्य म्हणजे अचूक, असं वाटायचं तेव्हा.
दुसऱ्याला अर्धा मिलिमीटर दिला
तर खुळखुळ्यासारखा वाजायला लागला.
नवव्याला दोन दशांश,
आणि कोपऱ्यांचे आतले काठ गोल मारले
भिलारे मामांनी, वर्कशॉपच्या खिडकीशी,
एकेक कोपरा व्हाइसमध्ये धरून,
कानशीचा भुगा तोंडाने फुंकत.
"तुमचं मशीन छापतं चांगलं," म्हणाले,
"पण त्याला बोटं नाहीत."

तापकीर गल्लीत मोटरी घेतल्या.
दुकानदाराने विचारलं, ड्रोनला का?
ऋजुता म्हणाली, नाही, आमचे हात दुखू नयेत म्हणून.

वळणं दहा हजार, एकेका वळणाला दीड सेकंद.
कर्वेनगरच्या आमच्या खोलीत
रात्रभर खट् खर्र, खट् खर्र.
मानकर काकू दोनदा वर आल्या,
एकदा आवाजाची तक्रार करायला,
एकदा आवाज का थांबला ते विचारायला.

थांबला होता सहा हजार चारशे बाराव्या वळणाला.
एक कोपरा उडून खाटेखाली गेला
आणि त्याच्या मागोमाग सगळा घन
फरशीवर सांडला.
पहाटे तीनला जुळवला, हाताला येईल तसा.
फिरत होता,
आम्ही झोपलो.

परीक्षक कराडचे. बोटांना सवय दिसत होती.
दोन थर लागले, तिसराही लागला,
उरला एक कोपरा:
जागेवरच, पण तोंड फिरवून बसलेला.
"कितीही फिरवा, हा लागणार नाही," ते म्हणाले,
"न बघता जुळवलात ना?
बारातल्या अकरा वेळा असंच होतं."
आमच्या अहवालात पान चौदावर हेच वाक्य होतं.
मीच टाइप केलेलं.

मामा हजेरीपट घेऊन दारात उभे होते.
त्यांना कोडं येत नाही, कधी शिकलेही नाहीत.
घन घेतला, कडांवरून नख फिरवलं.
"प्रत्येक कोपऱ्याला मी एक चीर मारतो,
वरची बाजू कळावी म्हणून.
सात बरोबर आहेत, हा आडवा."
आणि अंगठ्याने दाबून
त्याला जागच्या जागी वळवला. खट्.

"हे नियमात बसत नाही," परीक्षक म्हणाले.
"मी कुठे खेळतोय?" मामा म्हणाले. "मी बसवतोय."

पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले.
शेरा होता, कोपरा का उडाला याचा खुलासा नाही.
खुलासा तसा सोपा होता:
ज्या सैलपणातून तो निसटला
त्यातच मामांचा अंगठा मावला.
पण हे कुठल्या तक्त्यात भरायचं
आम्हाला कळेना.

उरली तीन हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी वळणं.
दीड तासाचं काम.
काकूंना विचारून
रात्री पुन्हा मशीन लावलं.